एक जूनचे सात व्यापारी

नाव : खांबेटे, हरिहर विनायक. हुद्दा : वरिष्ठ लिपिक (परदेश), कार्मिक विभाग. उंची : पाच फूट चार इंच. बांधा : मध्यम. वर्ण : गव्हाळ. केस : आहेत तेवढे पांढरे. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग, साबणाने न जाणारा. भाषा : मराठी, इंग्रजी, कामापुरती जर्मन. परदेशगमन : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. विशेष शेरा : सदर कर्मचाऱ्याची परदेश टेबलावरील नेमणूक तीन महिन्यांकरिता तात्पुरती आहे.

हे वर्णन चिंचवडच्या एका कंप्रेसर बनवणाऱ्या कारखान्याच्या सेवापुस्तकात आहे आणि ते विश्वसनीय मानायला हरकत नाही, कारण ते खुद्द खांबेट्यांनीच लिहिलेलं आहे. कारखान्यात माणसांची वर्णनं लिहिण्याचं काम त्यांच्याकडेच होतं. स्वतःचं वर्णन दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं म्हटलं असतं तर त्यासाठी अर्ज करावा लागला असता, आणि तो अर्ज फिरून त्यांच्याच टेबलावर आला असता.

शेरा १९६३ सालचा. त्या वर्षी कारखान्यानं एका जर्मन कंपनीशी करार केला आणि चार जर्मन इंजिनियर चिंचवडला राहायला आले. परक्या देशाचा माणूस इथं राहायचा म्हणजे त्याची पोलिसांकडे नोंद, दर काही महिन्यांनी मुदतवाढ, गाव सोडून जायचं तर आधी वर्दी. खांबेट्यांनी कधीकाळी हौसेनं सहा महिने संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गाला हजेरी लावली होती आणि ते नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं. माणसानं अर्जात काय काय लिहावं, यावर त्यांनी पुढं पुष्कळ वर्षं विचार केला.

त्या चौघांतल्या फोगेल नावाच्या इंजिनियरला रविवारी सायकल आणि कॅमेरा घेऊन हिंडायची सवय होती. एका रविवारी तो हिंडत हिंडत देहूरोडला पोचला. लष्कराच्या दारूगोळा कोठाराच्या भिंतीशेजारी एक गोरा माणूस फोटो काढतो आहे, हे तिथल्या शिपायाला साहजिकच आवडलं नाही. खांबेट्यांचा तो सबंध रविवार चौकीत, फोगेलसाहेबांना म्हशींची आवड आहे हे पटवून देण्यात गेला. फिल्म धुतल्यावर छत्तीसपैकी एकतीस फोटो खरोखरच म्हशींचे निघाले. उरलेल्या पाचांत काहीच उमटलं नव्हतं, आणि जास्त चौकशी झाली ती त्या पाचांची.

सत्तर साल उलटलं आणि वारा फिरला. जर्मन परत गेले, आणि कारखान्याचे कंप्रेसर आखाताकडच्या देशांत जाऊ लागले. यंत्रं गेली की ती बसवायला माणसं जाणार, आणि माणसं जाणार म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, मुंबई. देशांची नावं वेगवेगळी होती, पण कारखान्यात सगळ्यांना मिळून 'तिकडं' एवढंच म्हणत. 'तिकडं' जाणाऱ्यांसाठी खांबेटे आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीनं मुंबईला जात, वकिलातींच्या खिडक्यांसमोर उभे राहत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. पिशवीत फॉर्म, टाचण्या, डिंकाची बाटली आणि पोळीभाजी.

"मुंबईला जाऊन माणसं समुद्र तरी बघून येतात," त्यांची बायको पद्मजा म्हणायची. "तुम्ही खिडकी बघून येता."

यावर खांबेट्यांचं म्हणणं असं, की काही खिडक्यांतून समुद्र दिसतो, पण त्या आतल्या बाजूच्या असतात.

एव्हाना त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती : टाइम ऑफिस. फाटकाशेजारची ती खोली. तिथं कामगार आपल्या पायांनी येतात, आपल्या हातानं कार्ड घड्याळात सरकवतात, घड्याळ तारीख उठवतं. कुणाला काही पटवून द्यावं लागत नाही. घड्याळाला उलट प्रश्न विचारायची सवय नसते. सोळा वर्षांत बदलीचे अकरा अर्ज खांबेट्यांनी केले होते आणि अकराही 'विचाराधीन' होते. एका माणसाबद्दल इतका विचार कंपनीत दुसऱ्या कुणी केला नसेल.

१९७९ च्या जानेवारीत बारावा अर्ज घेऊन ते कार्मिक व्यवस्थापकांकडे गेले. शरच्चंद्र राजवाडे हे वयानं त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, बोलण्यात मोकळे आणि सही करताना सावध.

"टाइम ऑफिसचा पाध्ये मार्चमध्ये रिटायर होतोय," राजवाडे म्हणाले. "जागा तुमची. शब्द देतो. फक्त ही एक बॅच काढून द्या. सात फिटर. यंत्रं जहाजावर चढलीत, पाच फेब्रुवारीचं विमान आहे. सातच्या सात गेले पाहिजेत, खांबेटे. सहा गेले तर मला वर तोंड दाखवता येणार नाही."

"सातच्या सात," खांबेटे म्हणाले, आणि बारावा अर्ज टेबलावर ठेवून आले.

कामगाराचा व्हिसा निघायला तेव्हा सहा महिने लागत. व्यापाऱ्याचा पंधरा दिवसांत निघे. तीन महिन्यांकरता यंत्र जोडून परत येणाऱ्या माणसाला व्यापारी व्हिसा चालतो, असं तिकडच्या नियमात होतं. मात्र तो माणूस कंपनीचा प्रतिनिधी असला पाहिजे. म्हणून पुनावळे, ताथवडे, चिखलीकडचे सात फिटर एका दुपारी 'बिझनेस रिप्रेझेंटेटिव्ह' झाले. त्यासाठी खांबेट्यांना टाइपरायटरवर एक ओळ सात वेळा मारावी लागली, एवढंच.

फोटोचा प्रश्न होता. व्यापाऱ्यानं बुशशर्टात फोटो काढलेला तिकडच्या साहेबाला खपत नसे. पिंपरीच्या बाजारात शफीचा स्टुडिओ होता, आणि स्टुडिओत खिळ्याला एक काळा कोट आणि आधीच गाठ मारलेला एक टाय कायमचा टांगलेला होता.

"भेजून द्या, खांबेटेसाब," शफी म्हणाला. "पाच मिनिटांत एकेकाला शेठ करून सोडतो."

सगळ्यांत शेवटी आला तो सयाजी कोयते, पुनावळ्याचा. व्हॉल्व्ह बसवण्यात त्याच्या हाताचा माणूस कारखान्यात नव्हता; कानाजवळ स्क्रूड्रायव्हर धरून यंत्राला काय दुखतंय ते सांगायचा. कोट त्याला आखूड झाला, टाय घट्ट झाला, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा होता.

"भाऊ, हसा की जरा," शफी काळ्या कापडातून म्हणाला. "नफा झाल्यावानी."

"नफा कधी झालाय मला, म्हणजे कसं हसतात ते कळंल?" सयाजी म्हणाला. "आन खालचा लेंगा?"

"तो नाही येत. सरकारला छातीपर्यंतच शेठ लागतो."

सात अर्ज आत दिल्यावर चार दिवसांनी वकिलातीतून निरोप आला, की समक्ष भेटा.

खिडकीपाशी झुलेखाबाई बसायची. मूळची दापोलीकडची, वकिलातीत टाइपिस्ट. सहा वर्षं खांबेट्यांचे फॉर्म तिच्या हातून आत जात होते, त्यामुळे दोघांत एक प्रकारचा घरोबा झाला होता : ती त्यांना चुका सांगे आणि ते तिला पेढे नेत.

"आज साहेबांनी आत बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "कोट घालून आला असतात तर बरं झालं असतं."

"माझ्याकडे कोट नाही."

"मग तुमच्या सातजणांचा मागून घ्यायचा होतात. एकच दिसतोय, पण चांगला आहे."

आतल्या साहेबानं सातही अर्ज टेबलावर पत्त्यांसारखे मांडले होते. तो इंग्रजीत बोलत होता, शांतपणे.

"मिस्टर खांबेटे, हे सातजण भाऊ आहेत का?"

"नाही, सर."

"कोट एक. टाय एक. हुद्दा एक. ते मी सोडून देतो. माझा मेहुणाही स्टुडिओतच कोट घालतो. पण जन्मतारीख?"

खांबेट्यांनी पाहिलं. एक जून १९३८. एक जून १९४१. एक जून १९३६. एक जून, एक जून, एक जून, एक जून. या सात तारखा त्यांनी स्वतः टाइप केल्या होत्या, दोनदा ताडून पाहिल्या होत्या, आणि तरी आज त्या त्यांना पहिल्यांदा दिसल्या. सोळा वर्षं कामगारांच्या कागदांवर ते एक जून वाचत आले होते. आपल्या घराच्या भिंतीचा रंग माणसाला जेवढा दिसतो, तेवढीच ती तारीख त्यांना दिसत असे.

"वर्षं निरनिराळी आहेत, सर," ते म्हणाले.

"तेही मी पाहिलं. तुमच्याकडं व्यापारी जूनच्या पहिल्या तारखेलाच जन्मतात, असं दिसतं. की पासपोर्ट एकाच माणसानं बसून तयार केलेत?"

खांबेट्यांनी समजावून सांगितलं. खेड्यात आईबाप पोराला शाळेत घालायला नेतात. मास्तर विचारतो, केव्हाचा? आई सांगते, असेल सहा वर्षांचा. शाळा जूनमध्ये भरते. मास्तर सहा वर्षं वजा करून एक जून लिहितो. तेवढंच एक कागदोपत्री वय, आणि पासपोर्ट त्यावरून निघतो. यात खोटं काही नाही. फक्त खरंही काही नाही. पण हे वाक्य त्यांनी मनातच ठेवलं.

"तुमची जन्मतारीख?" साहेबानं विचारलं.

"बावीस फेब्रुवारी एकोणतीस. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. कुंडली आहे."

"तुम्हाला मिनिटं ठाऊक आहेत. यांना महिनासुद्धा नाही. असं का?"

याचं जे उत्तर होतं ते व्हिसाच्या कुठल्याही फॉर्मवर मावण्यासारखं नव्हतं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं अट घातली : प्रत्येकाच्या जन्माची सरकारी नोंद आणा, ती नोंद याच माणसाची आहे असं घरातल्या वडीलधाऱ्याचं लेखी निवेदन आणा. साल पासपोर्टशी जुळलं पाहिजे. मुदत बारा दिवस.

"आणि पंचेचाळीसच्या वर कुणी नाही ना?" उठता उठता त्यानं विचारलं. "करारात तशी अट आहे."

"नाही, सर. सगळ्यांत मोठा बेचाळीसचा."

राजवाड्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, एक जूनमध्ये एवढं काय? माझ्या ड्रायव्हरचासुद्धा एक जून आहे!"

"साहेब, आपल्या दोन हजार शंभर कामगारांत तेराशे बारा एक जूनचे आहेत. काल मोजले."

"मोजत काय बसलात, खांबेटे! नोंदी आणा!"

त्या काळी जन्ममरणाची वर्दी गावचा कोतवाल द्यायचा आणि तिच्या वह्या तालुक्याच्या कचेरीत जमा होत. तिथल्या दप्तराच्या खोलीत खांबेट्यांनी सहा दिवस काढले. वह्यांना वाळवीनं कडेकडेनं खाल्लं होतं, मधला मजकूर सरकारी म्हणून बहुधा सोडून दिला होता. एकेका ओळीत तारीख, गाव, बापाचं नाव, आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी'. पोराचं नाव कुठंच नाही. कोतवाल वर्दी द्यायचा तेव्हा बारसं झालेलं नसायचं, आणि बारशानंतर पुन्हा येऊन सांग, असं सरकारनं त्याला सांगितलेलं नव्हतं.

तरीही सहाजण सापडले. कुणी माघातला, कुणी ऐन पावसाळ्यातला. चिखलीचा एकजण तर वहीतही एक जूनचाच निघाला. तो खरोखर एक जूनला जन्मला होता, आणि आता ते साहेबाला पटवून देणं सगळ्यांत अवघड जाणार होतं. खांबेट्यांनी गावोगाव जाऊन सहा घरांतून सहा अंगठे आणि सह्या आणल्या. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. तो त्यांनी टाचणीनं जोडला. टाचण्या पिशवीत होत्याच.

सातवा सयाजी. बाप राणू कोयते, मौजे पुनावळे. छत्तीस सालच्या वहीत 'राणू कोयते, मुलगा' अशी ओळ होती, दोन ऑगस्टची. पासपोर्टवर एक जून छत्तीस. दोन महिन्यांचा फरक म्हणजे काहीच नाही. मागच्या वह्या चाळता चाळता एकतीस सालच्या नोव्हेंबरातही राणू कोयत्याचा एक मुलगा दिसला, चौतीसात एक मुलगी. असतील थोरली भावंडं. खांबेट्यांनी छत्तीसची नक्कल घेतली, निवेदन टाइप केलं आणि मुदतीला दोन दिवस उरले असताना पुनावळ्याला गेले.

सयाजी दुसऱ्या शिफ्टला होता, त्यामुळे सकाळचा घरी सापडला. त्याची आई गोजाबाई ओट्यावर सुपात पावटे सोलत बसली होती. सत्तरीला टेकलेली, पण बोटं भराभर चालत होती. सुनेनं, कस्तुरानं, चहा आणून ठेवला.

"मावशी, एवढा एक अंगठा द्यायचा," खांबेट्यांनी शाईचा डबा उघडला. "सयाजीरावांच्या जन्माचा कागद आहे. दोन ऑगस्ट छत्तीस."

"कंचा म्हयना म्हनायचा त्यो?"

"श्रावण. नारळी पौर्णिमेच्या आसपास."

गोजाबाईची बोटं थांबली. "नारळीपुनव? मंग ह्यो न्हवं."

"नाही कसा? राणू कोयते, मुलगा. सरकारी वहीत आहे."

"वहीत आसंल. सयाजी भाऊबिजेचा. माजा भाव वाकडवरनं ववाळून घ्यायला आल्ता, आन म्या बाजंवर. त्येला ववाळायचं ऱ्हाऊनच गेलं. आजून बोलून दाखिवतो त्यो मुडदा."

"मग श्रावणातला कोण?"

"त्यो धाकला," गोजाबाई म्हणाली आणि एक शेंग उचलून सोलली. "आठ म्हयन्याचा झाल्ता. छाती भरली. गेला."

खांबेट्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. मरणाची वही त्यांनी उघडलीच नव्हती. जन्माची नोंद शोधणाऱ्यानं ती का उघडावी?

"पण मग शाळेच्या दाखल्यात छत्तीस कसं?"

"ते व्हय? शाळंत घातला तवा सयाजी धा वरसाचा व्हता. आदी गुरं कुनी राखायची? मास्तर म्हनला, धा वरसाचं घोडं मी पयलीत घेत न्हाई. म्या म्हनलं, मंग सा लिवा. त्यानं सा लिवलं. मास्तर शाना व्हता."

"आये, हे मला कधी सांगितलं नाहीस," सयाजी म्हणाला.

"तू कवा इचारलंस?"

"एकतीस सालच्या वहीत राणू कोयत्यांचा एक मुलगा आहे खरा," खांबेटे बोलून गेले.

खांबेट्यांनी मनात हिशोब केला आणि तो केला नसता तर बरं, असं त्यांना वाटलं. एकतीस सालचा जन्म म्हणजे सयाजी आज सत्तेचाळीसचा. तिकडच्या अटीत बसत नाही. तो कागद दाखवला तर पासपोर्टही खोटा ठरतो. आणि कंपनीत गेला तर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं ते चौऱ्याण्णव सालाऐवजी एकोणनव्वदातच. जवळजवळ पाच वर्षं सयाजीच्या नोकरीतून गेली. हातात होती ती छत्तीसची नक्कल. साल जुळत होतं, बापाचं नाव जुळत होतं, पोराचं नाव कुठंच नव्हतं. एक अंगठा, आणि सातच्या सात पूर्ण. मार्चमध्ये टाइम ऑफिस. पन्नास वर्षांच्या आयुष्यात खांबेट्यांनी खोटा कागद केला नव्हता. हाही त्यांनी खरा समजूनच टाइप केला होता. आता तो फक्त मागं घ्यायचा नव्हता, एवढंच.

"मावशी," ते म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना खिडकीपलीकडच्या माणसासारखा वाटला, "वहीत नुसतं 'मुलगा' लिहिलंय. तुम्ही म्हणालात हाच, तर हाच. कुणाचं काही जात नाही."

"आन मंग त्यो?"

"कोण?"

"धाकला. सरकारात त्येची येवडी एकच वळ हाय न्हवं? ती सयाजीला दिली, मंजी त्यो आलाच न्हवता म्हना की."

"तसं नाही. त्याच्या मरणाची नोंद दुसऱ्या वहीत असणार."

गोजाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, लहान मुलाकडं पाहावं तसं. "जलमला न्हाई आन मेला? आसं कुटं आसतंय का बाबा?"

सोळा वर्षांत खांबेट्यांच्या कागदावर खिडक्यांमागच्या साहेबांनी पुष्कळ हरकती घेतल्या होत्या. इतकी बिनतोड एकही नव्हती.

"अहो, द्या की अंगठा आत्याबाई," कस्तुरा दारातून म्हणाली. "तीन महिन्यांचंच तर आहे."

"तू गप. तुला पोर हाय, तुज्या डोळ्यांम्होरं हाय." आणि गोजाबाईनं दोन्ही हात सुपात, पावट्यांखाली घातले, अंगठ्यांसकट.

मग सयाजीच म्हणाला, "राहू द्या, साहेब. आई नाही म्हणाली म्हणजे नाही. मला इथं व्हॉल्व्ह काय कमी आहेत?" तो थोडा पुढं सरकला. "पण तो दुसरा कागद, एकतीस सालचा. तो ऑफिसात नाही ना जायचा?"

"कुठला कागद?" खांबेटे म्हणाले. "मी फक्त छत्तीसची वही बघितली."

त्यांनी शाईचा डबा बंद केला. उठणार तेवढ्यात गोजाबाईनं विचारलं, "त्या धाकल्याची तारीख काय म्हनलास?"

"दोन ऑगस्ट."

"लिवून दे. मला वाचता येत न्हाई, पर लिवून दे."

खांबेट्यांनी ते टाइप केलेलं निवेदन उलटं केलं. "नाव काय होतं?"

"यशवंता."

त्यांनी कोऱ्या बाजूवर वळणदार अक्षरात लिहिलं : यशवंत राणू कोयते, जन्म २ ऑगस्ट १९३६, मौजे पुनावळे. खाली सवयीनं सही केली आणि तारीख घातली. त्यांच्या उभ्या नोकरीत कुठल्याही कचेरीनं न मागितलेला हा एकच दाखला. गोजाबाईनं हात पदराला पुसून तो घेतला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी ठेवला.

वकिलातीत झुलेखाबाईनं गठ्ठा मोजला. "सहाच? सातव्या व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं?"

"हो," खांबेटे म्हणाले. "भांडवल सापडलं नाही."

तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि पुढं थट्टा केली नाही. सहा शिक्के मिळाले. खऱ्या एक जूनवाल्यालाही मिळाला; साहेबानं त्याचा अर्ज दोनदा वाचला, मान हलवली आणि बाई, चहा पाठवा, असं म्हणाला.

पाच फेब्रुवारीला सहा व्यापारी गेले. तिकडं जाऊन त्यांनी यंत्रं जोडली, आणि व्हॉल्व्ह बसवायला सातवा नाही म्हणून ती एकोणीस दिवस नुसती उभी राहिली. वरून पत्र आलं. राजवाड्यांनी खांबेट्यांकडून लेखी खुलासा मागितला, आणि तो आल्यावर त्यांना बोलावलं.

"हे काय लिहिलंय? 'परदेश टेबलाकडून पुरेसे प्रयत्न न झाल्याने'? अहो, हे तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध लिहिताय."

"दुसरं कारण सुचलं नाही, साहेब."

"त्या कोयतेचं काही भानगडीचं होतं का? खरं सांगा."

"काही नाही, साहेब. नोंदच मिळाली नाही."

राजवाडे बराच वेळ पेन फिरवत राहिले. त्यांना काहीतरी कळलं असावं. पण कळलेल्या गोष्टीवर सही करावी लागत नाही, तोवरच ती त्यांना चालत असे. "मग टाइम ऑफिसचं मला काही करता येणार नाही, खांबेटे. वरचे लोक विचारतील. तुम्हीच सांगा, कसं करू?"

"नका करू, साहेब."

मार्चमध्ये पाध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डिस्पॅचमधला गुरुदत्त नावाचा मुलगा गेला. पद्मजानं विचारलं, तेव्हा खांबेट्यांनी सांगितलं की बारावा अर्जही विचाराधीन आहे. तिनं पोळ्या लाटता लाटता नुसतं "बरं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या मुंबईसाठी दोन पोळ्या जास्त टाकल्या. एप्रिलमध्ये नवी यादी आली. तीत बावीस नावं होती.

खुलाशाच्या तीन प्रती निघाल्या. एक वर गेली, एक फाइलला लागली, आणि तिसरी नियमाप्रमाणे सयाजी कोयत्याच्या सेवापुस्तकात डकवली. ती अजून तिथं आहे. तीत म्हटलं आहे, की सदर कर्मचाऱ्याच्या जन्माबाबत शाळेच्या दाखल्याखेरीज कोणतीही नोंद कोणत्याही शासकीय कार्यालयात अस्तित्वात नाही, व यापुढे ती उपलब्ध होण्याचा संभव दिसत नाही.

सयाजी कोयते अकरा नोव्हेंबर एकोणीसशे एकतीस रोजी जन्मला. बुधवार होता.